ढालीवरचा तिसरा तडा

ढालीवरचा तिसरा तडा मी पाडलेला नव्हता. पहिले दोन माझे होते. ते कुठे पडले आणि कोणत्या राक्षसामुळे पडले, हे मला तोंडपाठ होतं. तिसरा मात्र मी शाळेतून आलो, टीव्ही लावला, आणि आयता समोर दिसला. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. आईला वाटलं पोट बिघडलंय, तिने ओवा दिला.

ढाल खरी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या नागपूरच्या घरात भाजी चिरायची विळी आणि आईची तेंदूपत्ता कापायची कैची, एवढीच काय ती धार होती. ढाल होती टीव्हीवरच्या खेळातली. बाबांचा एक मावसभाऊ जहाजावर नोकरीला होता. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत तो सिंगापूरहून टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा घेऊन आला आणि त्याच्यासोबत एक पिवळी कॅसेट. खेळाचं नाव जपानी अक्षरांत होतं, त्यामुळे आमच्यासाठी त्याला नावच नव्हतं. मोठ्या डोक्याचा एक बुटका माणूस, हातात तलवार आणि ढाल, पुढे जंगल, गुहा, तळी आणि जागोजागी राक्षस. पुढे कळलं की तो एका लांबलचक मालिकेचा पहिला भाग होता. आता माझी मुलगी त्या मालिकेचे नवे भाग खेळते. त्यांत ढालीच डझनभर असतात. लाकडी जळते, लोखंडी जड असते, एक तर आरशासारखी चमकते. मी बाजूला बसून ढालीकडेच बघत राहतो. ‘बाबा, लढाई बघा ना, ढाल काय बघता,’ असं ती वैतागून म्हणते.

आमच्या खेळात दोनच ढाली होत्या. छोटी सुरुवातीलाच मिळायची; ती दगड आणि बाण अडवायची, पण राक्षसाने आग ओकली की तिचा काही उपयोग नसे. मोठी ढाल आगही अडवायची. ती धबधब्यामागच्या गुहेत होती आणि ती शोधण्यात माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली होती. दोन गोष्टी मात्र होत्या. ढाल वर धरली की तलवार चालत नसे. आणि मोठ्या ढालीवर फार मार बसला की तिला तडा जायचा. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं चित्र होतं, त्यावर पाच खिळे. एका तड्यासरशी एक खिळा विझायचा. पाचही विझले की ढाल गेली, एवढं जपानी न येताही कळत होतं. दुसरी मोठी ढाल अख्ख्या खेळात नव्हती.

म्हणून तिसरा तडा पाहून माझं डोकं फिरलं. डबा बंद केला तरी खेळ कॅसेटमध्ये तसाच राहायचा. म्हणजे माझ्यामागे कोणीतरी माझा खेळ खेळत होतं.

संशय आमच्या घराण्यातच आहे. बाबा गांधीबागेत कपड्याच्या ठोक दुकानात थान मोजायचे. दिवसभर गजपट्टीने मोजून मोजून त्यांची अशी खात्री झाली होती की जगात सगळंच थोडंथोडं कमी भरतं. घरी आले की रॉकेलच्या डब्यात काडी बुडवून बघायचे. कोणी काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘डोळ्यानं पाह्यलं का?’ मी त्यांचाच मुलगा. नववीत होतो आणि माझ्या पेन्सिलींवर दाताच्या खुणा करून ठेवत होतो, म्हणजे कोणी बदलली तर कळावी.

घरात आम्ही चार माणसं. बाबा सकाळी नऊला जायचे ते रात्री आठला यायचे. आई दुपारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. चौथी ताई, म्हणजे माझी आतेबहीण, खापा गावची. ती बारावीसाठी आमच्याकडे राहत होती. तिला ठेवून घेणं सोपं गेलं नव्हतं. तिच्या वडिलांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, आमच्याकडे मामाजी म्हणतात त्यांना, मुलीने दहावीनंतर शिकणंच मंजूर नव्हतं. बाबाही म्हणत होते, दुसऱ्याची पोरगी, जोखीम नको. आईने दोघांशी वाद घातला. आयुष्यात तिने कोणाशी एवढा वाद घातलेला मी पाहिला नव्हता. शेवटी मामाजींनी अट घातली की अभ्यास सोडून दुसरं काही करताना दिसली तर परत खाप्याला, आणि उन्हाळ्यात लग्न. मुलगाही बघून ठेवला होता. ताईला नर्स व्हायचं होतं. तिची मार्चमधली परीक्षा म्हणजे तिच्या हातातली एकच गोष्ट होती आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

मी तपास सुरू केला. बुटक्याजवळची सोन्याची नाणी वाढली नव्हती. मारलेल्या राक्षसांचा आकडा खाली दिसायचा, तोही जिथल्या तिथे होता. एकही राक्षस मेला नव्हता आणि ढालीला मात्र तडा. यावर मी दोन दिवस विचार केला आणि मला एकच अर्थ लागला. जो कोणी होता तो खेळायला बसत नव्हता, माझी ढाल मोडायला बसत होता. मुद्दाम. म्हणजे माझ्यावर राग असलेला माणूस.

असा माणूस घरात एकच होता. माझ्या खेळाच्या टिवटिवाटाने ताईचा अभ्यास व्हायचा नाही. दोनदा तिने मला सांगितलं होतं, ‘आवाज कमी कर ना गा, डोकं दुखून राहिलं.’ मी कमी केला नव्हता. शिवाय तिचं कॉलेज सकाळचं, दुपारी ती घरीच असायची. माझ्या मनात पाल चुकचुकली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

मग मी सापळे लावले. डब्याच्या झाकणावर माझ्या डोक्याचा एक केस ठेवला. वायर मोजून सात वेढे देऊन ठेवली. बटणांच्या पट्टीवर पावडरीचं बोट फिरवलं. चौथ्या दिवशी केस गायब, वेढे सहा, आणि ढालीला चौथा तडा. पट्टीवरची पावडर पुसली गेली होती आणि एका बटणाच्या कडेला तपकिरी डाग होता. मी तो नाकाशी धरला. तंबाखूचा वास आला. पण आमच्या घरात उशीला, वहीला, ताईच्या वेणीलासुद्धा तोच वास यायचा, त्यामुळे मी तो पुरावा फेकून दिला. डाग चहाचा आहे आणि चहा पीत अभ्यास करते ती ताई, असं मी ठरवून टाकलं. स्वतःला फार हुशार समजत होतो मी.

त्याच रात्री बाबा जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं. ताई दुपारी अभ्यास करत नाही, टीव्हीवर खेळते.

बाबांचा घास हातात राहिला. ‘डोळ्यानं पाह्यलं का?’

मी पाहिलं नव्हतं. पण नाही म्हणालो असतो तर प्रकरण तिथेच संपलं असतं आणि पाचवा तडा पडला असता. मी म्हणालो, ‘हो. पाह्यलं.’

बाबांनी ताईला आतून बोलावलं. ‘खरं सांग वं, दुपारी खेळते का तू?’

ताईने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने आईकडे पाहिलं. आई चुलीशी बसली होती, तिच्या हातातली पोळी तव्यावर टाकायची राहून गेली होती. मला वाटलं ताई आईकडून वशिला मागतेय. मग ती म्हणाली, ‘हव मामा. मी खेळली.’

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. माझा तपास बरोबर निघाला होता. बाबा म्हणाले, ‘मी जबान दिली होती तुह्या बापाले,’ आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र टाकलं. रविवारी मामाजी आले, चहाही न घेता उभे राहिले आणि ताईची पत्र्याची पेटी उचलून चालू लागले. आईने तिच्या पिशवीत पुस्तकं भरून दिली. मामाजींनी ती पुस्तकं पाहिली आणि म्हणाले, ‘ह्यायचं काय काम आता?’ तरी आईने पिशवी परत घेतली नाही.

सोमवारी मी नुसत्या सवयीने झाकणावर केस ठेवला. मंगळवारी आलो तेव्हा तो जागेवर होता. बुधवारी नव्हता.

मी टॉर्च घेऊन डब्याखाली केस शोधला, वाऱ्याने उडाला असेल म्हणून खिडकी तपासली. मग टीव्ही लावला. तडे चारच होते, पण मी बुटक्याला गुहेच्या तोंडाशी सोडला होता आणि तो तळ्याच्या काठी उभा होता. ताई तीन दिवसांपासून खाप्याला होती. मी टीव्ही तसाच बंद केला. चोर घरातच आहे याची भीती थोडी होती. बाकी सगळी भीती माझीच मला वाटत होती.

गुरुवारी मी मधल्या सुट्टीत शाळेतून पळालो. घरी येताना चपला हातात घेतल्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

आई टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. सूप बाजूला, त्यात अर्धवट वळलेल्या विड्या. आवाज तिने पूर्ण बंद केला होता. पडद्यावर तळ्याच्या काठी बुटका उभा होता, ढाल वर धरून, आणि दोन राक्षस त्याच्यावर आग ओकत होते. तो पळत नव्हता, मारतही नव्हता. नुसता उभा होता. राक्षस ज्या बाजूला सरकायचे त्या बाजूला आई त्याचं तोंड वळवायची. थोड्या वेळाने राक्षस थांबले आणि चक्क पाण्यात निघून गेले. ते असे निघून जातात हे मला माहीतच नव्हतं, कारण मी त्यांना तोपर्यंत जिवंत ठेवलंच नव्हतं.

‘मारत काहून नाहीस?’ माझ्या तोंडून पहिला प्रश्न हा निघाला.

ती दचकली. तिचा अंगठा बटणावरून सुटला, तेवढ्यात तिसरा राक्षस आला, आणि कोपऱ्यातला शेवटचा खिळा विझला. मोठी ढाल माझ्या डोळ्यांदेखत गेली.

‘कशाले मारू?’ आई म्हणाली. ‘रोज सकाळी काय म्हणते आपण?’

रोज सकाळी आम्ही पंचशील म्हणायचो. छप्पन साली दीक्षेच्या मैदानावर आई आठ वर्षांची होती, आजोबांचं बोट धरून गेली होती, आणि तेव्हापासून तिने एकही सकाळ चुकवली नव्हती. पहिलं शील जीव न मारण्याचं. ती घरातली पालसुद्धा केरसुणीने दाराबाहेर पोचवायची. पण टीव्हीतल्या राक्षसालाही कोणी जीव मानेल, हे माझ्या संशयी डोक्यात कसं यावं? मी दुश्मन शोधत होतो. ज्याला मारायचंच नाही असा माणूस मी शोधतच नव्हतो.

‘ताईनं तुले शिकवलं?’

‘तिनं काही नाही शिकवलं. ती पुस्तकातून मान वर नाही करे. तू खेळे ते मी पाहे, तसंच बटन दाबलं एक दिवस.’ तिने बटणांची पट्टी पदराने पुसली. ‘बरं वाटे. कोणी काही फेकलं तरी आपल्याले लागत नाही. कधीमधी पंधरा मिनिटं.’

‘मग त्या दिवशी बोलली काहून नाहीस?’

आईने सूप पुढे ओढलं, परत बाजूला केलं. ‘लाज वाटली. चाळीस वर्साची बाई, काम सोडून टीव्हीवर खेळते म्हणून बस्तीत हसतीन. पोरगी हव म्हणाली अन माही जीभच उचलली नाही. रोज म्हणून राहिली, उद्या बोलतो, उद्या बोलतो.’ मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘अन तू तर डोळ्यानं पाह्यलं होतं.’

मला रडू आलं आणि मी रडलो.

रात्री आईने बाबांना सगळं सांगितलं. माझ्याविषयी मात्र काही बोलली नाही, एवढंच म्हणाली की पोराचा गैरसमज झाला. बाबा आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग डब्याकडे रोखून बघत राहिले. चिडले, ताट सरकवलं. ‘मी काही शब्द वापस घ्यायले जाणार नाही. तुले जायचं तर तू जाय.’ त्यांना वाटलं असावं की ती जाणार नाही. आई तोवर एकटी कधी बसमध्ये बसली नव्हती.

शनिवारी ती मला घेऊन निघाली. बसमध्ये तिने तिकिटं रुमालात बांधून मुठीत धरली होती आणि प्रत्येक गावाला विचारत होती, आलं का खापा. मामाजींची भाजीची वाडी कन्हानच्या काठाला होती, घर वाडीतच. आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणात बाजेवर बसले होते. आत्या वांगी निवडत होती. ताई दारात आली आणि तिथेच थांबली.

आत्याने पाणी आणलं, आईने तांब्या घेतला नाही. बसलीही नाही. ‘भाऊजी, चूक माही आहे,’ ती म्हणाली. ‘पोरगी खेळतच नव्हती. मी खेळून राहिली होती. तिले पाठवा, परीक्षा आहे.’

मामाजींना आधी हसू आलं. ‘तुम्ही? टीव्हीवर राक्षस मारता?’

‘मारत नाही,’ आई म्हणाली.

मग मामाजींचं तोंड सुटलं. शहरातल्या बायकांपासून सुरुवात झाली, बाबांच्या कमाईवरून आमच्या दोन खोल्यांवर आले, तिथून आईच्या माहेरावर. आत्यानेही मध्येमध्ये भर घातली. आई पदर खांद्यावर घट्ट घेऊन उभी होती. मामाजी बाजेवरून उठून विहिरीकडे गेले की तिचं तोंड विहिरीकडे, गोठ्याकडे गेले की गोठ्याकडे. एकाही बोलण्याला तिने उलट उत्तर दिलं नाही. ते श्वास घ्यायला थांबले की ती तेवढंच म्हणायची, ‘तिले पाठवा, परीक्षा आहे.’ मी तिच्या मागे उभा होतो आणि ती काय करतेय हे त्या अंगणात मला एकट्यालाच कळत होतं.

मग मामाजी एकदम थांबले. ते बाबांसारखेच हिशेबी डोक्याचे होते. ‘एक सांगा,’ ते म्हणाले. ‘तुम्ही खेळत होत्या, तर पोरीचं नाव घेतलं कोणी? तुमचा मालक डोळ्यानं पाह्यल्याबिगर पत्र टाकत नाही. कोणी पाह्यलं?’

ताईने माझ्याकडे पाहिलं. घरातून गेल्यापासून पहिल्यांदा. आत्यानेही पाहिलं. मला खरं सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं, पण मी आत्याच्या वांग्यांकडे बघत राहिलो. मामाजी माझ्याकडे दोन पावलं आले आणि आई मधे सरकली.

‘मीच सांगतलं,’ ती म्हणाली. ‘माही चोरी लपवाले तिच्यावर ढकललं.’

आत्याच्या हातातलं वांगं खाली पडलं. मग मामाजींनी आईला जे म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिने माझ्यासमोर, माझ्यासाठी ऐकून घेतलं, आणि तिचा पदरसुद्धा हलला नाही. तेवढ्यात विहिरीवरच्या मोटारीची लाईन, म्हणजे वीज, आली. मामाजी थुंकले आणि पाणी सोडायला वाडीत निघून गेले. आत्या हळूच म्हणाली, ‘ने वं. ते यायच्या आधी ने.’ पुस्तकांची पिशवी ताईने सोडलेलीच नव्हती.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसली. मी तिला विचारलं, तू हव का म्हणालीस. ‘मामी माह्यासाठी भांडली होती,’ ती म्हणाली. ‘तिचं नाव कसं घेऊ मी?’ नंतर कन्हान मागे राहिली, सावनेर गेलं, ती माझ्याशी आणखी काही बोलली नाही. माफी मागायची हे मला माहीत होतं. मी नागपूर येईपर्यंत नुसता मागायची तयारी करत होतो.

दुसरा दिवस रविवार. सकाळी नेहमीसारखे आम्ही भिंतीवरच्या तसबिरींसमोर हात जोडून बसलो. बाबा पुढे, मागे आई, ताई आणि मी. बाबा फुरंगटलेलेच होते, पण ताई परत आलेली पाहून त्यांनी तिला नाश्ता केला का एवढं विचारलं होतं. वंदना सुरू झाली. जीव न मारण्याचं पहिलं शील आईने नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटलं. दुसरं झालं, तिसरं झालं.

चौथं शील खोटं न बोलण्याचं.

तिथे आईचा आवाज थांबला. ताईचाही थांबला. माझा तर आधीच बसला होता. बाबांचा आवाज एकटाच पुढे गेला, खोलीत एकदम मोठा वाटला. त्यांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी शील पुरं केलं, हात तसेच जोडलेले ठेवून मान वळवली, आणि आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं.